'बेस्टी' म्हणाली, पण हेन पार्टीला बोलावलं नाही

पत्र थोडक्यात, ओळखीच्या खुणा काढून:

पत्र लिहिणाऱ्या बाई 39 वर्षांच्या, मूळच्या सांगलीकडच्या. साडेतीन वर्षांपासून इंग्लंडमध्ये यॉर्कशरच्या एका गावात राहतात आणि तिथल्या प्राथमिक शाळेत सहायक शिक्षिका आहेत. शाळेतली एक सहकारी त्यांना 'बेस्टी' म्हणते. तिच्या प्रत्येक मेसेजच्या शेवटी 'हन' (म्हणजे 'हनी', लाडाची हाक) आणि तीन फुल्या असतात. वसंतात तिचं लग्न आहे, त्याआधीची मैत्रिणींची हेन पार्टी झाली, आठजणी दोन दिवस बाहेरगावी जाऊन आल्या. बाईंना बोलावणं नव्हतं. फोटो फोनवर दिसले.

त्याच सुमारास सांगलीची बालमैत्रीण तीन आठवड्यांसाठी राहायला येणार असं ठरलं. बाईंनी स्टाफरूममध्ये आनंदाने, इंग्रजीत, 'माझी गर्लफ्रेंड माझ्याकडे राहायला येतेय' असं सांगून टाकलं. क्षणभर शांतता पसरली. मग एकीने दंडावर हात ठेवून 'किती छान, आम्हाला माहीतच नव्हतं' म्हटलं. काय झालं ते संध्याकाळी 15 वर्षांच्या मुलीने हसून लोळत समजावलं. त्या दिवसापासून बाई डबा गाडीत बसून खातात.

तिसरी गोष्ट मुलीचीच. ती फोनवर मैत्रिणीला 'बिच' म्हणून हाक मारते, हे कानावर पडलं. फोन काढून घेतला, चार दिवस घरात अबोला.

जाता जाता दोन ओळी आणखी आहेत. सुरुवातीला शुक्रवारी शाळा सुटल्यावर सगळ्या पबमध्ये बोलवायच्या, 'मी पीत नाही म्हणून दोन-तीनदा नाही म्हटलं, आता कुणी विचारत नाही.' आणि सांगलीच्या मैत्रिणीशी फोन असला की सुरुवातच 'काय गं भवाने' अशी होते.

प्रश्न असे: कुणाला काय म्हणायचं याचा काही नियम आहे का? 'बेस्टी' खोटंच होतं का? झालेला गैरसमज पुसायचा कसा? मुलीला आवरायचं कसं?

*

तुमचं पत्र वाचताना मी दोनदा मोठ्याने हसले, हे आधीच कबूल करते. गाडीतल्या डब्यापाशी आले आणि हसू थांबलं. पावसाळी दुपारी काचा वर करून एकटीने पोळी-भाजी खाणारी बाई डोळ्यांसमोर आली. म्हणून तुमच्या प्रश्नांचा क्रम मोडते आणि आधी 'गर्लफ्रेंड'चंच बघते.

तुम्ही शब्द चुकीचा वापरला नाहीत, चुकीच्या गावात वापरलात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हा शब्द इंग्रजीत आला तो बाईच्या मैत्रिणीसाठीच. पुरुषाची प्रेयसी हा अर्थ नंतर, विसाव्या शतकात बळावला. अमेरिकेत पन्नाशी-साठीच्या बायका आजही 'माझ्या गर्लफ्रेंड्सबरोबर जेवायला गेले होते' असं सहज म्हणतात आणि कुणाच्या भुवया वर जात नाहीत. तुमच्या कानावर तो तिथूनच पडला असणार, एखाद्या मालिकेतून किंवा न्यू जर्सीच्या मावसबहिणीकडून. ब्रिटनमध्ये मात्र बाईने 'माझी गर्लफ्रेंड' म्हटलं की जोडीदार हाच अर्थ आधी डोक्यात येतो. आणखी एक बारकावा आहे. अनेकवचन सुरक्षित, एकवचन धोक्याचं. 'गर्लफ्रेंड्स' जेवायला जातात, 'गर्लफ्रेंड' राहायला येते. तुम्ही एकवचन, 'माझी' आणि 'राहायला येतेय' या तिन्ही गोष्टी एका वाक्यात बसवल्यात!

हे का होतं तेही सांगते, कारण परदेशी गेलेल्या किती तरी मराठी बायका याच खड्ड्यात पडतात. आपल्या 'मैत्रीण' शब्दातच बाई आहे. इंग्रजीतल्या 'फ्रेंड'मध्ये ना बाई ना बाप्या. आपल्याला ते अपुरं वाटतं. नवऱ्याच्या देखत, चार लोकांत नुसतं 'फ्रेंड' म्हटलं तर पुरुष समजतील की काय, ही धास्ती आपल्या हाडात मुरलेली. मग आपण घाईने 'गर्ल' जोडतो. एका संशयातून सुटायला जातो आणि दुसऱ्यात सापडतो. पण तुमच्या स्टाफरूमला 'फ्रेंड' बाई आहे की पुरुष याची पडलेलीच नसते. 'शाळेपासूनची मैत्रीण येतेय' हे सांगायला 'माय ओल्डेस्ट फ्रेंड' एवढं पुरतं. पुढच्या वाक्यात 'शी' येतंच. 'फीमेल फ्रेंड' नको, पोलिसातल्या जबाबासारखं वाटतं. 'गॅल पॅल' तर नकोच नको. सवंग वर्तमानपत्रांनी एकत्र राहणाऱ्या दोन बायकांना जोडपं म्हणायचं टाळून वर्षानुवर्षं 'गॅल पॅल' म्हटलं, इतकं की समलिंगी बायकांनीच त्याची टर उडवायला सुरुवात केली. दोघी हातात हात घालून, अंगठ्या घालून फिरताहेत आणि खाली मथळा 'गॅल पॅल'. तुम्ही तो वापरलात तर गैरसमज पुसला न जाता पक्काच होईल.

आता मला जे खरं विचारायचंय ते विचारते. झालं काय? त्या बाईंना वाटलं की तुमच्या आयुष्यात एक स्त्री आहे. त्यांनी तुमच्या दंडावर हात ठेवला आणि 'किती छान' म्हटलं. कुणी नाक मुरडलं नाही, कुजबुज झाल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही, डबा घेऊन कुणी उठून गेलं नाही. उठून गेलात तुम्ही. तुम्ही राहता त्या देशात 2005 पासून दोन बायकांच्या नात्याला कायदेशीर नोंदणी आहे आणि 2014 पासून इंग्लंडमध्ये त्या रीतसर लग्न करतात. तुमच्या त्या स्टाफरूममध्येच कुणी तरी दुसऱ्या बाईची बायको असेल, किंवा अशा कुणाची बहीण, कुणाची मुलगी. त्या व्यक्तीला काय दिसलं असेल, याचा एकदा विचार करा. तिला दिसलं असेल, की हिला आमच्यासारखी समजलं तर ही आमच्यात जेवायचीच थांबली. तुमच्या मनात तसं नसेलही, लाज निराळ्याच गोष्टीची असेल, इंग्रजी चुकल्याची असेल. पण बाहेरून ते तसं दिसू शकतं.

पुसायचं कसं, तर एका वाक्यात आणि हसत. 'त्या दिवशी मी गर्लफ्रेंड म्हटलं ना, माझ्या मुलीने माझी शिकवणी घेतली, मला मैत्रीण म्हणायचं होतं.' बस. 'छे छे, तसलं काही नाही हं' हे शेपूट जोडू नका. 'तसलं' या शब्दाचं इंग्रजी काहीही केलंत तरी ते ऐकणाऱ्याला टोचेल. नवऱ्याचा उल्लेख पुरावा म्हणून करू नका. आणि खास सभा बोलावल्यासारखं सगळ्यांना गोळा करून तर मुळीच नको. जिने दंडावर हात ठेवला तिला सांगा, बाकीच्यांपर्यंत ते पोचेल, स्टाफरूम कुठल्याही देशातली असली तरी.

(दोन बायकांच्या जवळिकीला नाव काय द्यावं, याचा घोळ इंग्रजीत फार जुना आहे. 1780 च्या सुमाराला आयर्लंडमधल्या एलिनोर बटलर आणि सेरा पॉन्सन्बी या दोघी घर सोडून वेल्समधल्या लँगोलेनला येऊन राहिल्या आणि मरेपर्यंत एकत्र राहिल्या. मोठमोठे लोक त्यांना भेटायला जात. त्या एकमेकींच्या कोण, यावर लोक आजही वाद घालतात. त्यांच्या काळाने 'लँगोलेनच्या बायका' एवढंच म्हणून विषय संपवला. मला ते बरं वाटतं.)

आता 'बेस्टी'. इथे थोडं लांबून यावं लागेल.

मराठीत आपली जवळीक क्रियापदात असते. 'तुम्ही आलात का' आणि 'आलीस का गं' यात सगळं येऊन जातं. शेजारच्या काकूंना 'अहो' म्हणता म्हणता एक दिवस 'अगं' निघतं, आणि दोघींनाही कळतं की काहीतरी बदललं. 'गं' हे एवढंसं अक्षर, पण त्यासाठी इंग्रजीत शब्दच नाही. एके काळी थोडीफार सोय होती. 'दाऊ' होतं, आपल्या 'तू'सारखं. सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत प्रमाण इंग्रजीतून ते जवळजवळ गेलं आणि राजापासून रखवालदारापर्यंत सगळ्यांना एकच 'यू' उरलं. गंमत अशी की तुम्ही राहता त्या यॉर्कशरमध्ये जुन्या माणसांच्या बोलीत ते 'दी' आणि 'दा' होऊन अजून तग धरून आहे. 'मला अरे-तुरे करू नकोस' याच अर्थाची एक म्हणही तिथे आहे. शाळेजवळच्या एखाद्या म्हाताऱ्या आजोबांना विचारा, खुश होऊन म्हणून दाखवतील.

तर 'तू' गेलं, 'गं' कधी नव्हतंच. मग जवळीक दाखवायची कशाने? वाक्याच्या शेवटी एक शब्द लटकवून. लव्ह, पेट, डक, हन, बेब, मेट, बेस्टी. यातले बरेचसे शब्द आपल्या 'गं'चं किंवा फार तर 'ताई'चं काम करतात. रिक्षावाला 'ताई, कुठे जायचं?' म्हणतो तेव्हा तुम्ही त्याला भाऊबीजेला बोलवत नाही. यॉर्कशरमधला बसवाला 'लव्ह' म्हणतो ते तेवढंच, आणि तो ते पुरुषांनाही म्हणतो. डर्बी-नॉटिंगहॅमकडे गेलात तर 'डक' ऐकाल, न्यूकॅसलला 'पेट'. माझी एक नणंद ग्लासगोला गेली तेव्हा पहिल्याच आठवड्यात बसमधून रडवेली होऊन घरी आली. ड्रायव्हरने तिला 'हेन' म्हटलं, म्हणजे कोंबडी म्हटलं, असा तिचा समज. तिकडे ते 'बाळ' म्हटल्यासारखं आहे. तिला खरी भीती पुढे वाटायला हवी होती, कारण त्याच ग्लासगोत हेनची मात्रा उडाली आणि 'हन' झालं की ती शिवी होते, फुटबॉलमधल्या रेंजर्स क्लबच्या पाठीराख्यांना आणि त्यांच्या आडून प्रॉटेस्टंट लोकांना उद्देशून. इंग्लंडमधलं लाडाचं 'हन' स्कॉटलंडला नेताना जपून, एवढंच.

तुमच्या सहकारीचं 'हन' लाडाचंच, पण त्यातही छटा आहेत. हल्ली ते थोडं थट्टेचं झालंय. घरबसल्या क्रीम आणि शाम्पू विकणाऱ्या बायका दहा वर्षं न भेटलेल्या वर्गमैत्रिणीला 'हे हन' असा मेसेज टाकतात, त्यामुळे काही जणींना तो शब्द दिसला की पाकीट घट्ट धरावंसं वाटतं. 'बेस्टी'चंही तसंच. तुमच्या मुलीच्या वयाची पोरं अनोळखी माणसाशी वाद घालतानासुद्धा 'ओके बेस्टी' म्हणतात, तिथे त्याचा अर्थ 'जा बाई, तुझं तुलाच लखलाभ' असा असतो. आणि त्या तीन फुल्या म्हणजे मुके. आपल्याकडे छापील मजकुरात फुल्या म्हणजे शिवी, हे तिला एकदा सांगाच, तुमच्या दोघींचं हसण्याचं एक निमित्त होईल.

एकेकाळी हे शब्द वजनदार असतील. पण 'बेस्ट फ्रेंड्स फॉरेव्हर'चं बीएफएफ होऊन ते 2010 मध्ये न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीत जाऊन बसलं. त्याच वर्षी एका अमेरिकन विनोदी मालिकेने 13 फेब्रुवारीला 'गॅलेंटाइन्स डे' हा मैत्रिणींचा दिवस गमतीत काढला आणि दुकानदारांनी तो गंभीरपणे मनावर घेतला. कपावर, उशीवर, साखळीतल्या अर्ध्या हृदयावर जो शब्द छापला जातो त्याने आपल्याला काही वचन दिलंय असं धरून चालू नये. तुमची सहकारी खोटं बोलली नाही. ती 'गं' म्हणाली, तुम्ही 'जिवाभावाची सखी' ऐकलंत.

हे वाचताना तुम्हाला माझा राग येणार हे कळतंय. कारण दुखलंय ते शब्दामुळे दुखलेलं नाही. फोटोतल्या आठजणींमध्ये आपण नव्हतो, हे दुखलंय. ते दुखणं खरं आहे आणि मी ते व्याकरणात गुंडाळून टाकणार नाही. पण दोन-तीन गोष्टी तुमच्यासमोर ठेवते.

पहिली, हेन पार्टी नवरी स्वतः क्वचितच ठरवते. ते काम बहुतेक वेळा तिच्या मुख्य करवलीचं असतं. यादी तिची, हॉटेल तिचं, हिशोब तिचा. त्या यादीत नवरीच्या शाळेतल्या, गावातल्या, नात्यातल्या बायका आधी बसतात. आणि खर्च ज्याचा त्याने करायचा असतो, तोही बराच. नोकरीतल्या मैत्रिणीला न बोलावणं हे पुष्कळदा तिच्या खिशाची काळजी घेणंही असतं. आपल्याकडे हळदीला अख्ख्या वाड्याला बोलावतात, तो हिशोब इथे लावू नका.

दुसरी गोष्ट तुमच्याच पत्रात आहे, तुम्ही ती जाता जाता लिहिलीत. शुक्रवारच्या पबला तुम्ही दोन-तीनदा नाही म्हणालात. तुमच्या दृष्टीने तुम्ही दारूला नाही म्हणालात. त्यांच्या कानाने तुम्ही त्यांना नाही म्हणालात. आपल्याकडे 'नको नको' म्हटलं तरी यजमान तीनदा आग्रह करतो, चौथी पोळी ताटात पडतेच. इंग्रज माणूस दोनदा विचारतो आणि मग तुमच्या 'नाही'चा आदर करतो, म्हणजे विचारायचं थांबतो. त्याला वाटतं तो सभ्यपणा करतोय. आपल्याला वाटतं त्याने आपल्याला टाकलं. पबमध्ये लिंबू घातलेला सोडा पिऊन तासभर बसणाऱ्या माणसांना तिथे कुणी वेगळं समजत नाही. पेल्यात काय आहे ते बघतही नाही कुणी. तिथली मैत्री म्हणजे शाळेबाहेरचा तो एक तास. तुमच्या 'बेस्टी'शी शाळेच्या फाटकाबाहेर एकूण किती वेळ बोलला आहात, हे मला पत्रात कुठे सापडलं नाही.

आणि तिसरी: असंही असू शकेल की तिला तुम्ही आवडता, पण फक्त शाळेपुरत्या. अशा मैत्रीलाही त्या लोकांकडे शब्द आहे, 'वर्क वाइफ'. हसू नका, हा शब्द सर्रास वापरतात. दिवसभर एकमेकींना सांभाळायचं आणि पाचला आपापल्या घरी. ती मैत्री खोटी नसते. तिची हद्द ठरलेली असते. तसं निघालं तर वाईट वाटेल, वाटू द्या. पण ते ठरवायला फोटो पुरेसे नाहीत. लग्न झालं की तिला चहाला घरी बोलवा. 'कधीतरी ये' असं नाही, तारीख आणि वेळ सांगून. 'कधीतरी'चा अर्थ तिथे 'कधीच नाही' होतो. हेन पार्टीचा विषय काढू नका, फोटो छान आले होते एवढं मात्र म्हणा. पाहिले नाहीत असं दाखवायचं कारण नाही.

नियमांबद्दल विचारलंत. ठोस नियम नाहीत, पण माझ्या पाहण्यातून जे उरलंय ते सांगते. समोरची ज्या शब्दाने हाक मारते तो शब्द लगेच परत फेकायची गरज नसते. 'हन'ला 'हन'ने उत्तर दिलं नाही म्हणून कुणी रागावत नाही, नावाने हाक मारली तरी चालतं, आणि प्रेमाने घेतलेलं नाव कुठल्याही देशात कमी पडत नाही. आपल्या तोंडी जो शब्द सहज बसत नाही तो वापरला की नवीन चप्पल घातल्यासारखं लोकांना लगेच कळतं. बरोबरीच्या बायकांच्या गटाला 'गर्ल्स' चालतं, पण मुख्याध्यापिकेला पाठवायच्या ईमेलमध्ये नको, आणि वयाने किंवा हुद्द्याने खाली असलेल्या बाईला तर नकोच.

या 'गर्ल'बद्दल जरा थांबते, कारण अमेरिकेतल्या वाचकांची पत्रं त्यावर येत असतात. मुळात मध्ययुगीन इंग्रजीत 'गर्ल' म्हणजे कुठलंही मूल, मुलगा असो वा मुलगी. पुढे ते मुलीवर स्थिरावलं. अमेरिकेत गोऱ्या घरांमध्ये राबणाऱ्या साठ वर्षांच्या काळ्या बाईलाही 'गर्ल'च म्हणत, नाव घ्यायचं तर नुसतं पहिलं. 1963 साली अलाबामातल्या एका कोर्टात मेरी हॅमिल्टन या काळ्या कार्यकर्तीने सरकारी वकिलाला ठणकावलं, की मला 'मिस हॅमिल्टन' म्हटल्याशिवाय मी उत्तर देणार नाही. कोर्टाच्या अवमानाबद्दल तिला शिक्षा झाली. ती 1964 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. त्याच काळ्या बायका आपापसात 'गर्ल' म्हणतात, 'सिस' म्हणतात, त्यात केवढी माया असते! एकच शब्द, पण तो कुणाच्या तोंडून कुणाकडे जातो यावर सगळं. त्यांची ती ढब, तो हेल उसना घेऊन आपण 'हे गर्ल' केलं तर ती नक्कल वाटते. आपल्याला कुणी प्रेमाने म्हटलं तर हसून घ्यावं. मालवणी माणसाचं 'गो' पुण्याच्या माणसाने ओढूनताणून म्हटलं की मालवणी माणसाचा चेहरा आठवा.

राहिली तुमची लेक, आणि इथे मी तिच्या बाजूने आहे. पूर्ण नाही, अर्धी.

तुम्ही सांगलीच्या मैत्रिणीला 'काय गं भवाने' म्हणता. भवानी आपली देवी, सटवाई आपली देवी, पण 'भवाने' आणि 'सटवे' शिव्या झाल्या, आणि जिवाभावाच्या दोघींत त्याच शिव्या लाडाच्या झाल्या. 'अगं मेले, किती दिवसांनी!' असं म्हणून गळ्यात पडणाऱ्या बायका मी लहानपणापासून पाहिल्यात, आणि ज्यांच्यात नुसतं 'अहो वहिनी' आहे त्या गळ्यात पडत नाहीत. तुमच्या मुलीच्या पिढीचं 'बिच' हे त्यातलंच. त्याच्यामागे थोडा इतिहासही आहे. बायकांना हिणवायला वापरलेला हा शब्द बायकांनीच उचलून मिरवायला घेतला, त्या नावाचं एक स्त्रीवादी मासिक अमेरिकेत 1996 ते 2022 चाललं. बायकांसाठीचे शब्द घसरत जातात, ही इंग्रजीची जुनी खोडच आहे. 'गॉसिप' घ्या. मुळात तो 'गॉडसिब', देवाच्या साक्षीने जोडलेलं नातं, म्हणजे मुलाच्या बाप्तिस्म्याला उभं राहणारं माणूस. मग बाळंतिणीजवळ जमणाऱ्या जवळच्या मैत्रिणी म्हणजे 'गॉसिप'. आणि 1755 च्या कोशात डॉक्टर जॉन्सननी त्याचा एक अर्थ दिला तो बाळंतिणीच्या खोलीतल्या बायकांसारखी बडबड करत फिरणारी व्यक्ती असा! आधाराला आलेल्या सख्या दोनेकशे वर्षांत चहाडखोर ठरल्या. 'हजिफ'चं, म्हणजे 'हाउसवाइफ'चं, असंच घसरत 'हसी' झालं, निर्लज्ज बाई. तेव्हा एखादा घसरलेला शब्द पोरींनी उचलून झटकून वापरला तर मला त्यात लगेच संस्कारांचा ऱ्हास दिसत नाही.

पण अर्धीच बाजू म्हटलं, ती यासाठी. 'बिच' तोंडावर, हसत, बरोबरीच्या मैत्रिणीला म्हणणं वेगळं. पाठीमागे तिसऱ्या मुलीबद्दल 'ती बिच' म्हणणं वेगळं, तिथे ती नुसती शिवी आहे आणि शाळेतल्या छळाची सुरुवात पुष्कळदा तिथूनच होते. मुलगे हा शब्द वापरतात तेव्हा तो आणखी वेगळा. तुमच्या मुलीशी बोलायचं ते यावर बोला. तिला विचारा: ही मैत्रीण तुलाही तसंच म्हणते का? कुणी मुलगा तुला म्हणाला तर चालेल का? तुमच्या गटात एखादी अशी आहे का, जिला ते आवडत नाही पण ती बोलत नाही? या तिसऱ्या प्रश्नावर ती गप्प बसली तर तिथे थांबा आणि ऐका. आणि घराचे नियम घराचे: जेवणाच्या टेबलावर नाही, धाकट्यांसमोर नाही, लिहून तर अजिबात नाही, कारण मेसेजमध्ये हसू दिसत नाही आणि तो दुसऱ्याच्या फोनवर कायमचा राहतो. हे तिला पटेल. 'असलं बोलायचं नाही' हे पटणार नाही, कारण तुमचं 'भवाने' तिने ऐकलंय.

फोन तिला परत द्या. आणि एक विनंती: जवळीक साधायला म्हणून तुम्ही स्वतः तिला 'बिच' म्हणायला जाऊ नका. एका आईने हा प्रयोग करून मला लिहिलं होतं. पोरगी आठवडाभर मैत्रिणींना तोंड दाखवू शकली नाही. 'काऊ'ही नको, ब्रिटनमध्ये जवळच्या बायका एकमेकींना 'यू सिली काऊ' म्हणतात, पण आपल्या डोक्यात गाय म्हणजे 'गरीब गाय', त्यामुळे तोल आपल्याला सापडत नाही.

तुमची मैत्रीण पोचायला पत्राप्रमाणे अजून दोन आठवडे आहेत. तोवर डबा आत न्या. ती आली की एखाद्या शुक्रवारी तिला त्या पबमध्ये घेऊन जा, स्वतःहून, 'येऊ का आम्ही दोघी?' असं विचारून. ओळख करून देताना 'माझी मैत्रीण' एवढंच म्हणा, 'फ्रेंड'. मग कुणीतरी विचारेलच की मराठीत तू तिला काय हाक मारतेस. लाजू नका, खरं ते सांगा, आणि त्या सगळ्यांना एकदा 'भवाने' म्हणायला लावा. 'भ' त्यांना जमणार नाही.